आधी कागद, मग प्रिंटर

मी हाताने शुभेच्छापत्रं करते. बारसं, डोहाळजेवण, मुंज, साठी, दिवाळी, कुणाचं नवं घर. चित्राची रेघ आधी पेनाने काढते, स्कॅन करते, जाड कागदावर छापते आणि मग एकेका कार्डात जलरंग हाताने भरते. आतला मजकूर छापील, नाव मात्र बोरूने. ज्याच्यासाठी कार्ड आहे त्याचं नाव यंत्राने लिहावं हे मला पटत नाही.

या कामाला कागद किमान २५० जीएसएमचा लागतो. जीएसएम हे कागदाच्या वजनाचं माप, त्याचा हिशेब पुढे सांगते. त्याहून पातळ कागदावर ओला ब्रश फिरला की तो फुगतो आणि वाळल्यावरही पूर्वीसारखा सपाट होत नाही. शिवाय पातळ कागदाचं घडीचं कार्ड टीव्हीशेजारी उभं केलं की दोन दिवसांत बसकण मारतं. लोक ही कार्डं जपून ठेवतात, पाहुण्यांना दाखवतात. ती ताठ उभी राहिली पाहिजेत.

छपाई मी बरीच वर्षं बाहेरून करून घेत होते. एका चित्राच्या पाचशे प्रती असतील तर प्रेसवाल्यांना ते परवडतं. माझ्या ऑर्डरी सात-आठ कार्डांच्या, त्यातही मजकूर प्रत्येकात थोडा वेगळा. कुणाला ‘पंचाहत्तरी’ हवी असते, कुणाला ‘अमृतमहोत्सव’. एवढ्याशा कामासाठी मशीन थांबवायला सांगणं मलाच अवघड वाटायचं. म्हणून घरीच छापायचं ठरवलं. घरात होता तो प्रिंटर खालच्या ट्रेमधून कागद उचलून, पोटात गोल वळवून पुन्हा समोरूनच बाहेर देणारा. झेरॉक्सच्या कागदाला उत्तम. अडीचशेचं पान मात्र त्या वळणावर अडायचं, आणि बाहेर आलंच तर पाठीवर रबरी चाकांचे दोन पट्टे घेऊन यायचं.

नवा प्रिंटर घ्यायचा हे पक्कं झाल्यावर पहिली फेरी मारली ती कागदाच्या दुकानात. हे मी मुद्दाम सांगते, कारण मला विचारणारे बहुतेक जण ‘कोणती कंपनी घेऊ?’ इथून सुरुवात करतात. माझा उलटा प्रश्न असतो : कागद कोणता वापरणार? त्याचं उत्तर मिळालं की निम्मे प्रिंटर आपोआप यादीतून गळतात.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए-फोरचं एक पान चौरस मीटरचा सोळावा हिस्सा असतं. म्हणून ८० जीएसएमचं पान ५ ग्रॅम भरतं आणि २५०चं साधारण साडेपंधरा. यावरून एक सोपी परीक्षा करता येते. ए-फोरची दहा पानं स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवायची आणि जेवढे ग्रॅम येतील त्याला १.६ने गुणायचं. १५६ ग्रॅम आले तर कागद २५०चा. सुट्या कागदावर काही छापलेलं नसतं, दुकानदार सांगतील तो आकडा आपण धरून चालतो, त्यामुळे ही परीक्षा फार उपयोगी पडते. अमेरिकेतले कार्ड करणारे पौंडांत बोलतात, तिथे आणखी गोंधळ. त्यांचं ‘११० पौंड’ हे इंडेक्स प्रकारच्या कागदाला सुमारे २०० जीएसएम असतं आणि कव्हर प्रकाराला जवळजवळ ३००. व्हिडिओत नुसता पौंडांचा आकडा ऐकून प्रिंटर निवडू नये.

वजनाचा हिशेब जमला तरी काम संपत नाही, हे मला पुण्याच्या बोहरी आळीतल्या कागदवाल्या काकांनी दाखवलं.

‘काका, हे दोन्ही तीनशेचेच ना?’

‘तीनशेचेच, ताई. पण चिमटीत धरून बघा. हा दाबलेला आहे, तो फुगीर आहे. वजन सारखं म्हणून जाडी सारखी नसते.’

त्यांनी माझ्या एका हातात गुळगुळीत लेपाचं आर्ट कार्ड दिलं, दुसऱ्या हातात जलरंगाचा खरबरीत कागद. डोळे मिटून सांगितलं असतं की दुसरा पहिल्याच्या दीडपट आहे. प्रिंटरला वजन कळतच नाही. त्याच्या चाकांना आणि शाई सोडणाऱ्या हेडला कळते ती जाडी आणि कागदाचा ताठपणा. तेव्हापासून मी दोन्ही बघते. दहा पानांची चळत जाड पुस्तकाखाली दाबून पट्टीने मोजायची. चार मिलिमीटर भरली तर एक पान ०.४ मिलिमीटरचं. सूक्ष्ममापक नसला तरी एवढ्यावर काम भागतं.

त्याच दुकानात माझी यादी छोटी झाली. आर्ट कार्ड बाद, कारण त्याच्या लेपावर इंकजेटची, म्हणजे शाईचे बारीक थेंब उडवणाऱ्या प्रिंटरची, शाई मुरत नाही, तासाभराने बोट लावलं तरी पुसते, आणि जलरंग तर त्यावर थेंब होऊन बसतो. मोत्यासारखी चमक असलेले पत्रिकेचे कागद याच कारणाने बाद. राहिले तीन : २५० जीएसएमचा बिनचमकीचा पांढरा कार्डाचा कागद, ३०० जीएसएमचा जलरंगाचा कागद आणि हातकागद.

हातकागदावर माझा जीव आहे. शिवाजीनगरला के. बी. जोशी रस्त्यावरची हातकागद संस्था १९४०पासूनची. सुती कापडाच्या कातरणीचा लगदा करून तिथे कागद बनतो. लाकडाच्या लगद्याच्या कागदापेक्षा त्याचे तंतू लांब आणि चिवट, त्यामुळे घडीवर तो सहजासहजी तुटत नाही आणि रंग मऊपणे घेतो. आपल्याकडे हे काम जुनं आहे. जुन्नरचा कागद पूर्वी नावाजलेला होता, आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात अजून हाताने कागद होतो. जुने कारागीर कागदाला खळ लावून तो गुळगुळीत दगडाने घोटायचे. त्या खळीचं महत्त्व मला प्रिंटरमुळे नव्याने समजलं. खळ कमी असलेल्या कागदावर शाई फुटते. ती तंतूंच्या वाटेने पसरते आणि रेघेला मिशा येतात.

हातकागद घेताना दोन गोष्टी पाहून घेतल्या. एक म्हणजे त्याच्या कच्च्या कडा. दिसायला देखण्या, पण प्रिंटरच्या कडेच्या पट्टीला सरळ रेषा लागते, नाहीतर पान तिरकं ओढलं जातं. म्हणून कडा कापूनच छापायचं. २२ बाय ३० इंचांच्या एका तावातून ए-फोरची पाच पानं निघतात, तीन उभी आणि त्यांच्याखाली दोन आडवी. गिरणीच्या कागदात असं कापलं तर ग्रेन, म्हणजे तंतूंचा कल, दोन दिशांना जातो आणि निम्म्या कार्डांची घडी फाटल्यासारखी होते. हातकागदात तंतू बऱ्यापैकी सगळीकडे पसरलेले असल्याने ही कापणी चालून जाते. उरलेल्या पट्ट्यांच्या मी भेटवस्तूंच्या चिठ्ठ्या करते. दुसरी गोष्ट, पाकळ्या, गवत किंवा चमकी घातलेला हातकागद प्रिंटरमध्ये घालायचा नाही. तो कितीही सुंदर असला तरी. पाकळी सुटून आत राहिली तर ती काढायला सगळा प्रिंटर उघडावा लागतो.

कागद हातात आल्यावर प्रिंटरांचा अभ्यास सुरू केला. पहिला प्रश्न, कागदाची आतली वाट कशी आहे? समोरच्या खालच्या ट्रेमधून घेऊन समोरच बाहेर काढणारे सगळे प्रिंटर पान जवळपास पूर्ण उलटं वळवतात. मागून उभा कागद घेऊन समोर सोडणाऱ्यांत वळण कमी, एक हलका उतार असतो. आणि काही मोजक्या प्रिंटरांत पान अगदी आडवं, सरळ जातं. एप्सनच्या एल-८१८० या मोठ्या फोटो प्रिंटरमध्ये अशी सरळ वाट आहे, त्यातून १.३ मिलिमीटर जाडीपर्यंतचा कागद किंवा पुठ्ठा जातो, आणि आकारही ए-थ्री प्लसपर्यंत, म्हणजे ए-फोरच्या दुपटीहून थोडा मोठा. तो पाहून माझे हात शिवशिवले. पण त्याची किंमत वेगळ्याच घरातली आणि आकारही माझ्या टेबलाला न पेलणारा. मोठ्या आकाराचं काम माझ्याकडे वर्षातून एखादंच येतं. मन आवरलं.

दुसरा प्रश्न, कंपनीच्या पत्रकात काय लिहिलंय? इथे नीट वाचावं लागतं. खोक्यावर किंवा जाहिरातीत ‘३०० जीएसएमपर्यंत’ दिसतं. पत्रक उघडलं की त्याच आकड्यापुढे अट असते. कॅननच्या घरगुती प्रिंटरांचंच घ्या. साध्या कागदाला ६४ ते १०५ जीएसएम, आणि तीनशेच्या आसपासचा आकडा हा त्यांच्या स्वतःच्या फोटो कागदासाठी. म्हणजे गुळगुळीत, मापात कापलेल्या, सपाट राहणाऱ्या कागदासाठी. माझा खरबरीत तीनशेचा कागद त्या आश्वासनात बसत नाही. कंपनी खोटं बोलत नाही, पण आकडा अर्धा वाचला तर आपण चुकीच्या विश्वासाने घरी येतो. काही पत्रकांत जाडी मिलिमीटरमध्येही दिलेली असते. मला ते जास्त प्रामाणिक वाटतं.

तिसरा प्रश्न, लेसर की इंकजेट? लेसरला मी सहज बाद केलं नाही. लेसरची टोनर म्हणजे प्लास्टिकची बारीक भुकटी. ती कागदावर बसवताना आतला रोलर दोनशे अंशांच्या आसपास तापतो आणि भुकटी वितळून चिकटते. त्यामुळे रेघ पाण्याला अजिबात दाद देत नाही. जलरंगासाठी हे फार मोठं सुख आहे. शिवाय टोनरच्या काळ्या छपाईवर सोनेरी फॉइल ठेवून लॅमिनेटरमधून काढलं की अक्षरांवर खरी सोनेरी झळाळी येते, जी इंकजेटवर येत नाही. एका नातेवाइकाच्या ऑफिसात मागची झडप उघडून, हाताने एकेक पान घालून मी माझे तिन्ही कागद लेसरमधून काढले.

२५०च्या गुळगुळीत कागदावर अक्षर सुरेख आलं, शिरोरेघ धारदार. जलरंगाच्या कागदावर मात्र उंचवट्यांवर काळं आणि खळग्यांत पांढरं. टोनर खळग्यांपर्यंत पोहोचतच नाही. बोटाने घासलं की उंचवट्यांवरचंही थोडं निघालं, कारण एवढा जाड कागद रोलरखालून जाताना पुरेसा तापला नव्हता. आणि घडी. माझ्या कार्डांत चित्र पुष्कळदा पाठीवरून पुढे येतं, वेल मागच्या पानावर सुरू होते आणि पुढे फुलते. घडी घातल्यावर त्या रेघेत टोनरला तडा गेला आणि पांढरी चीर उघडी पडली. क्रीझिंग करूनही, म्हणजे घडीच्या जागी आधी दाबून खाच पाडूनही, ती पूर्ण गेली नाही. त्यात घरगुती लेसर प्रिंटरांच्या पत्रकांत कागदाच्या वजनाची मर्यादा बहुधा १६३ जीएसएमच्या आसपास असते. माझ्या कागदाला ती कमीच. फॉइलचं काम मुख्य असलेल्या मैत्रिणीला मी आजही लेसरच सुचवते, पण माझं काम वेगळं.

उरला इंकजेट. त्यात मुख्य प्रश्न शाईचा. डाय शाई पाण्यात पूर्ण विरघळलेली असते, ती कागदात मुरते, रंग टवटवीत देते, पण ओला ब्रश फिरला की परत विरघळते. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण तरंगत असतात, ते कागदाच्या पृष्ठभागावर बसतात आणि वाळल्यावर पाण्याला बरीच दाद देत नाहीत. टाकीवाल्या, म्हणजे बाटलीतून शाई ओतून भरायच्या प्रिंटरांत एप्सनच्या काहींची काळी शाई पिगमेंटची असते, काहींची डायची. कॅननच्या जी मालिकेतल्या बऱ्याच प्रिंटरांत काळी पिगमेंटची आणि बाकीचे तीन रंग डायचे. मला रंग हाताने भरायचे होते, छापायची होती ती फक्त काळी रेघ. त्यामुळे ‘काळी शाई पिगमेंटची’ ही माझी पहिली अट झाली. कार्ट्रिजचे प्रिंटर मी पाहिलेच नाहीत, कारण चाचण्यांमध्येच कार्ट्रिज संपते आणि हात आखडता राहतो. नवं चित्र सुचलं की चार पानं छापून बघायला मन मोकळं हवं.

मग मी एक चाचणीचं पान बनवलं. चारही कडांपासून दहा मिलिमीटरवर एक चौकट, चार कोपऱ्यांत गोल, मध्ये बारीक वेलबुट्टी, एक भरीव काळा चौकोन आणि खाली मजकूर. मजकूर मुद्दाम अवघड घेतला : ‘श्रीकृपेकरून’, ‘चि. सौ. कां.’, ‘बऱ्हाणपूर’, ‘शुद्ध’, ‘अंगणी’. नऊ, दहा, बारा अशा तीन आकारांत. देवनागरीची परीक्षा जोडाक्षरांत होते. शाई जरा जरी फुटली तरी ‘द्ध’ भरून काळा ठिपका होतो आणि अनुस्वार शिरोरेघेला चिकटतो. इंग्रजी अक्षरांच्या नमुन्यावर प्रिंटर पारखला तर हे कळत नाही, आणि दुकानातला नमुना नेहमी इंग्रजी मजकुराचा किंवा पोपटाच्या फोटोचा असतो.

हे पान पेनड्राइव्हवर आणि माझे कागद पुठ्ठ्याच्या फोल्डरमध्ये घेऊन मी दुकानं फिरले. एका मोठ्या दुकानात ‘सगळं चालतं हो मॅडम’ एवढंच उत्तर मिळालं, डेमोच्या मशीनमध्ये माझा कागद घालायला ते तयार झाले नाहीत. त्यांच्या बाजूने बरोबरच असेल, पण मी तिथून निघाले. टिळक रस्त्याच्या बाजूच्या एका लहान दुकानातला मुलगा मात्र उत्सुक निघाला.

‘ताई, हा एवढा जाड कागद कधी घालून बघितला नाही. अडकला तर?’

‘अडकला तर ओढायचा नाही. बंद करून मागून काढू. दोन पानं बघू या, नाही गेला तर नाही.’

त्याने मागून कागद घेणारा टाकीवाला प्रिंटर लावला, काळी शाई पिगमेंटची. २५०चं पान पहिल्याच झटक्यात गेलं. जलरंगाच्या कागदाला चाक फिरलं पण पकड बसेना. मी पान वरून दाबलं नाही, नुसतं तळहाताने मागून टेकू दिला, तेव्हा चाकाने ते ओढून घेतलं. बाहेर आलेल्या पानाची चौकट पट्टीने मोजली. डावीकडे दहा मिलिमीटर, उजवीकडेही दहा, वरून खाली येताना अर्धा मिलिमीटरचा फरक. घडीच्या कार्डात तो दिसत नाही. वरच्या दोन कोपऱ्यांत मात्र काळ्या बारीक ओरखड्यांसारख्या रेघा होत्या. कागदाचा कोपरा किंचित वर आला की शाईचं हेड त्याला घासतं, त्याच्या त्या खुणा.

यावर प्रिंटरच्या सेटिंगमध्येच उपाय असतो आणि तो फारसं कुणी उघडून बघत नाही. कॅननमध्ये ‘प्रिव्हेंट पेपर अब्रेजन’ असा पर्याय आहे, एप्सनमध्ये जाड कागद आणि पाकिटांसाठीचा. तो लावला की हेड आणि कागद यांच्यातलं अंतर वाढतं. त्या मुलाने तो लावला, मी पान उलट्या बाजूला हलकेच वळवून कोपरे सपाट केले आणि पुन्हा छापलं. ओरखडे गेले. रेघ केसभर मऊ झाली, पण जलरंगाखाली तो मऊपणा मला उलट आवडला.

पानं घरी आणली, रात्रभर वाळू दिली आणि सकाळी ओला ब्रश फिरवला. इथे एक फार महत्त्वाची गोष्ट दिसली. आम्ही एक पान ‘साधा कागद’ असं सेटिंग ठेवून छापलं होतं आणि एक ‘मॅट फोटो कागद’ ठेवून. पहिल्यावर रेघ जागची हलली नाही. दुसऱ्यावर ब्रशमागोमाग जांभळट-निळा ओघळ पसरला. प्रिंटर तोच, शाई तीच, कागदही तोच. कारण शोधलं तेव्हा उलगडा झाला. या प्रकारच्या चार शायांच्या प्रिंटरला फोटो कागद सांगितला की तो काळी पिगमेंट शाई वापरतच नाही, निळा, किरमिजी आणि पिवळा मिसळून काळा बनवतो. आणि ते तिन्ही रंग डायचे. जाड कागद आहे म्हणून स्वाभाविकपणे आपण फोटो कागदाचं सेटिंग निवडतो, आणि नेमकी तिथेच पाण्यात टिकणारी शाई हातची जाते. जलरंग भरणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं : कागद जाड असो, सेटिंग साध्या कागदाचं, दर्जा ‘हाय’, चित्र शुद्ध काळ्यात, आणि घासणी टाळण्याचा पर्याय चालू.

हातकागदाचं दुकानात जमलं नव्हतं, तो मी प्रिंटर घरी आल्यावर घातला. हो, तोच प्रिंटर घेतला, त्याच मुलाकडून. पत्रकातल्या मर्यादेपलीकडचा कागद वापरणं ही माझी जबाबदारी आहे हे समजून घेतला. हातकागदावर रेघ थोडी फुटते. बारा पॉइंटच्या खाली मजकूर गेला की ‘श्र’ भरतो. म्हणून हातकागदावर मी आतला मजकूर चौदा पॉइंटचा ठेवते आणि मध्यम जाडीचा फाँट घेते, शिरोरेघ फार बारीक नको, फार ठसठशीतही नको. छापण्याआधी दोन्ही बाजूंनी मऊ कोरडा ब्रश फिरवून सुटे तंतू झाडते. तरीही काही चाकांवर बसतातच. दहा-बारा पानांनंतर चाकं घसरायला लागली की मेनूतली रोलर साफ करण्याची आज्ञा चालवते. कागद अडकायच्या आधी पान तिरकं यायला लागतं, ती सूचना समजायची.

एकेक पान घालायचं, चळत ठेवायची नाही. जाड पानांची चळत वजनाने खाली घसरते आणि चाक दोन पानं एकदम धरतं. दुसऱ्या बाजूला छापायचं असेल तर पहिली बाजू किमान काही तास वाळू देते, नाहीतर चाकांचे ठसे ओल्या शाईवर उमटतात. बाहेरची बाजू आणि आतली बाजू कशी उलटायची ते ट्रेवर पेन्सिलने बाण काढून ठेवलंय.

पावसाळ्यात पुण्यातसुद्धा कागद ओल धरतो, कोकणात तर विचारूच नका. जुलैत उघड्यावर राहिलेलं पान कडेने वळतं, आणि वळलेला कोपरा म्हणजे हेडला आमंत्रण. माझा कागद झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात आडवा असतो, बरोबर सिलिका जेलच्या पुड्या. शाई वाळायलाही त्या दिवसांत वेळ लागतो, छापल्यावर रंग भरायला दुसऱ्या दिवशीच बसते. उन्हाळ्यात याच्या उलट. एप्रिल-मेमध्ये आठवडाभर प्रिंटर नुसता राहिला तर हेडमध्ये शाई सुकते. म्हणून काम नसलं तरी आठवड्यातून एकदा चारही रंगांचं एक लहान चित्र छापते, साध्या कागदावर. शेजारची मुलं ते रंगवायला घेऊन जातात.

काही गोष्टी या प्रिंटरकडून होत नाहीत आणि त्या त्याच्याकडून मागूही नयेत. घरगुती प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते, आणि आहे त्या शाया पारदर्शक असतात. त्यामुळे मरून, मोरपंखी किंवा खाकी कागदावर पांढरं कमळ छापता येत नाही, फिकट रंग तर दिसतच नाहीत. सोनेरी म्हणून जे छापलं जातं ते मातकट पिवळं असतं. आणि ०.५ मिलिमीटरच्या पुढचा पुठ्ठ्याकडे झुकणारा कागद मी मशीनला लावत नाही. अशा ऑर्डरी मी स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांकडे नेते. जाळीतून रबरी पट्टीने दाबलेली सोनेरी शाई मरून हातकागदावर जशी बसते तशी दुसरी कुठलीच बसत नाही. बोट फिरवलं तर अक्षर उठून हाताला लागतं. तिथे दर रंगाच्या संख्येवर असतो, स्क्रीन एकदा बनवली की पन्नास कार्डं काय आणि शंभर काय, फरक थोडाच. म्हणून मुंजीच्या आणि लग्नाच्या पत्रिका तिकडे, आणि सात-आठ कार्डांची, प्रत्येकात वेगळं नाव असलेली कामं माझ्या टेबलावर.